‘झालं’ म्हणजे काय झालं?

पट्टणशेट्टी डॉक्टरची एक खोड मला पहिल्या दिवसापासून खटकली. काहीही होवो, तो म्हणतो, "झालं." पाठीत सुई गेली आणि पाणी आलं, की झालं. पाण्याऐवजी रक्त आलं, तरी झालं. काहीच आलं नाही, सुई हाडावर आपटत राहिली, पेशंट रडून थकला आणि हा घामाघूम झाला, तरी हातमोजे काढता काढता पुन्हा झालंच. माझ्या हाताखालच्या सुनेने भाजी शिजली तरी झालं आणि करपली तरी झालं म्हटलं असतं, तर मी तिला पातेल्यात डोकं घालून बघायला लावलं असतं. पण हा पडला डॉक्टर. त्याला पातेल्यात डोकं घालायला कोण सांगणार?

मित्रांनो, मी एक जुनी गिरदी आहे, कापसाची जाडजूड उशी. हुबळीतल्या एका जुन्या दवाखान्यात, मेंदूच्या आजारांच्या वॉर्डाला लागून एक छोटी खोली आहे, तिथे माझा मुक्काम. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. माझ्या पोटावर काळ्या रंगात कुणीतरी काहीतरी लिहून ठेवलं आहे, ते मला आजवर वाचता आलं नाही. नाव असेल, नाहीतर शिवी. मला जे कळतं ते माणसाच्या छातीला छाती लावून कळतं, आणि ते सहसा खोटं निघत नाही.

मला गादीवाल्या मौलासाब नदाफने भरलं. सावरीचा कापूस, तोही जुन्या झाडाचा, आणि ठासून भरलेला. मी खरी एका कापडवाल्या शेटजीच्या पेढीसाठी होते. शेटजींनी मला दोन्ही हातांनी दाबलं आणि म्हणाले, "ही गिरदी आहे का धोंडा?" मौलासाब म्हणाला, "तुमच्यासारखं माणूस टेकलं की मऊ गिरदीची पोळी होते, शेटजी." शेटजी रागावून निघून गेले आणि मी दुकानात पडून राहिले. मग एक दिवस या दवाखान्यातले नाडगीर डॉक्टर आले. दुकानातल्या सगळ्या गाद्या-उशा त्यांनी एकेक करून कवटाळून पाहिल्या. रस्त्यावरची माणसं हसायला लागली. मला मिठी मारली, मान माझ्यावर टेकली, पाठ वाकवली आणि म्हणाले, "हीच."

त्यांना दबणारी उशी नको होती. का, ते सांगते. माणसाच्या पाठीच्या कण्यात, मणक्यांच्या आतल्या बाजूला, पाणी असतं. तेच पाणी वर मेंदूभोवतीही असतं. डोक्यात रोग शिरला आणि तो कुठला हे बाहेरून कळेना, की त्या पाण्याचे चार थेंब काढून तपासतात. पण मणके असतात एकमेकांना चिकटून, सुईला वाट देत नाहीत. माणूस पुढे वाकून गोल झाला की त्यांच्यात फटी पडतात. भ्यालेला माणूस मात्र गोल होत नाही, ताठ होतो. त्याला कवटाळायला काहीतरी लागतं, जे त्याचं वजन पेलेल आणि मागे सरणार नाही. ते काहीतरी म्हणजे मी.

पहिल्याच आठवड्यात एका लहान मुलीने विचारलं, "ही कोण?" नाडगीर डॉक्टर म्हणाले, "ही दोड्डव्वा. हिला मिठी मार. ही कुणाला काही सांगत नाही." आमच्याकडे आईच्या थोरल्या बहिणीला दोड्डव्वा म्हणतात. जी घरात नुसती बसून असते आणि तरी घर जिच्या धाकात चालतं, ती. ते नाव मला चिकटलं. सिस्टर म्हणायच्या, "दोड्डव्वाला आण गं," आणि आया मला काखेत मारून घेऊन यायची. केवढी ऐट होती माझी.

किती माणसं माझ्या छातीशी येऊन गेली. एक बस कंडक्टर होता. तापाने त्याला शुद्ध नव्हती, पण माझ्या पाठीवर त्याची बोटं तिकीट फाडल्यासारखी हलत होती. एक तबला शिकवणारे मास्तर सुई जाईपर्यंत माझ्यावर ताल धरून होते. डोकं गोंधळलं तरी हात आपलं काम विसरत नाहीत, हे मी तेव्हाच शिकले.

सुई नीट पोचली, की माणूस एक श्वास सोडतो. डॉक्टरला थेंब दिसायच्या आधी तो श्वास मला लागतो. आणि पोचली नाही, तेही मलाच आधी कळतं. नाडगीर डॉक्टरांची सुईही दर वेळी पोचायची असं नाही. कुठल्याच डॉक्टरची पोचत नाही. म्हाताऱ्यांचे मणके गंजलेल्या बिजागरीसारखे, जाड माणसाची फट बोटाला लागत नाही, पोरं मासोळीसारखी निसटतात. पण नाडगीर डॉक्टरांच्या तोंडी तीन वेगवेगळे शब्द असत. आलं. नाही आलं. रक्त मिसळलं. जे असेल ते पेशंटसमोर बोलायचे आणि दार उघडून नातेवाइकांपुढेही तेच बोलायचे. लोक कधी चिडायचे, एकदा एकाने त्यांची गचांडी धरली होती. पण पुन्हा टोचायचं आहे म्हटल्यावर कुणी पेशंट उचलून पळाला, असं मला आठवत नाही.

ते निवृत्त झाले आणि पट्टणशेट्टी डॉक्टर आला. दिसायला नीटनेटका. बोलायला गोड. मला जास्त गोड माणसाचा संशय येतो. वॉर्ड बघायला कुणी मोठे लोक आले, की हा म्हणायचा, "आमच्याकडे दहातले नऊ जमतात." ते मान डोलवायचे. मी मात्र विचार करायची, दहावा जातो कुठे?

म्हणून मी लक्ष ठेवलं. याला दोनदा टोचून जमलं नाही आणि तिसऱ्यांदा दुसऱ्या डॉक्टरने येऊन काढलं, तर तो नवांत. पाण्यात रक्त मिसळलं आणि तपासणाऱ्यांनी कपाळाला हात लावला, तोही नवांत. आणि अजिबात जमलं नाही, तर हा म्हणायचा, "पेशंटने साथ दिली नाही," की तो दहांतच नाही. असा हिशेब असेल, तर मीही सांगेन की मला मिठी मारून कुणी कधी रडलं नाही. जे रडले, त्यांनी मिठीच नीट मारली नव्हती.

माझ्या मनातलं त्याला कळलं की काय कोण जाणे, थोड्याच दिवसांत एक निळा स्पंज आला. प्लास्टिकच्या पिशवीतून काढला तेव्हा त्याला औषधाचा नाही आणि कापसाचाही नाही, असा वास होता. माणूस कुशीवर झोपवायचा, हा स्पंज गुडघ्यांत द्यायचा आणि दोघांनी धरायचं, अशी नवी पद्धत. चांगले डॉक्टर तसंही करतात आणि त्यांचं जमतं, ते मी नाकारत नाही. पण मला कुणी विचारलं नाही. मला उचलून कपाटावर टाकलं. वर धूळ, बाजूला मोडका दिवा आणि एक पाल. ती पालही माझ्याकडे संशयाने बघायची. दारात नावाने हाक मारणारं कुणी राहिलं नाही. एक सेलेस्टीन सिस्टर सोडली, तर माझं नाव ठाऊक असलेलं माणूसही वॉर्डात उरलं नाही.

अशा दिवसांत रत्ना आली.

कोवळी बाळंतीण. नवलगुंदकडची. बाळ गावी ठेवून आली होती. कितीतरी दिवस ताप, डोकं फुटेल असं दुखणं आणि आता बोलणं भरकटायला लागलेलं. मेंदूचा फोटो काढून झाला होता, त्यातून नेमकं काही कळलं नव्हतं. आता पाणी बघितल्याशिवाय औषध कुठलं द्यायचं ते ठरेना. तिच्याबरोबर नवरा बसू, गरीब गाय, आणि तिची थोरली मावशी तिप्पव्वा. रत्नाची आई लवकर गेली, तिला या मावशीने वाढवलेलं. तिप्पव्वा बाकावर बसली की बाक तिचा व्हायचा. एका हाताशी ज्वारीच्या रोट्ट्यांचं गाठोडं, आणि नजर अशी की भिंतीवरचं घड्याळही खरं सांगतंय का ते तपासून बघावं. मला ती पहिल्याच दिवशी आवडली नाही. एका घरात दोन थोरल्या बायका नांदत नाहीत.

पहिल्या दिवशी रत्नाला कुशीवर झोपवलं. निळा स्पंज गुडघ्यांत दिला. दोघांनी धरली, ती आणखी ताठ झाली. स्पंज चपटा होऊन घसरला. डॉक्टरने टोचलं, पुन्हा टोचलं. कपाटावरून मला सगळं दिसत होतं. एक थेंब आला नाही. रत्ना कण्हत होती, तिची जीभ कोरडी पडली होती. डॉक्टरने हातमोजे काढले आणि दार उघडलं.

तिप्पव्वा उभी राहिली. "झालं?"

"झालं, अव्वा. आता झोपू द्या तिला."

"पाणी काढलं?"

तोवर डॉक्टरचा फोन वाजला होता. फोन कानाला लावत त्याने मान हलवली. ती मान होकाराची होती की फोनवरच्या माणसासाठी होती, ते त्यालाच ठाऊक. तिप्पव्वाने तो होकार मानला आणि गाठोडं सोडून बसूला रोट्टी दिली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर सकाळी आला आणि म्हणाला, "आज पाणी काढावं लागेल."

दार उघडंच होतं. तिप्पव्वाने हातातली रोट्टी परत फडक्यात ठेवली. "आणि कालचं पाणी कुठंय?"

"ते नीट मिळालं नाही, अव्वा."

"काल तर झालं म्हणालास."

"झालं म्हणजे, प्रयत्न झाला."

"मग काय प्रयत्न बाटलीत भरून नेलास?"

बसू मध्ये पडला, "दोड्डव्वा, हळू बोल. डॉक्टर आहेत ते."

"तू गप. बायको तुझी आहे, पण वाढवलीय मी." ती डॉक्टरकडे वळली. ती त्याला तम्मा म्हणाली, धाकट्या भावाला म्हणतात तसं, पण तिच्या तोंडी ते छडीसारखं लागलं. "तम्मा, आमच्या शेजारच्या गावात एकाचं असंच पाठीतलं पाणी काढलं. आज थोडं, उद्या थोडं. तो आता बाजेवरून उठत नाही. काय करता तुम्ही त्या पाण्याचं? कुणाला देता?"

"कुणाला देत नाही, अव्वा. आणि पाणी काढल्याने पाय जात नाहीत. ज्या रोगासाठी काढतात, त्या रोगाने जातात."

"हे काल सांगितलं असतंस, तर ऐकलं असतं. आज तू काहीही सांग, मला कालचं आठवतंय. बसू, रिक्षा बघ. पोरीला घरी नेऊ."

मला तिप्पव्वा आवडत नव्हती, पण ती बोलत होती ते सगळं मी कपाटावर बसून कितीतरी महिने मनात बोलले होते. आणि तरीही ती पोरीला घेऊन गेली असती, तर रत्ना संपली असती. खरं बोलणाऱ्या बाईच्या हातून पोरगी मरणार, असा तो पेच होता.

सेलेस्टीन सिस्टर पुढे आली. मंगळूरकडची, उंच, कधी आवाज न चढवणारी. ती म्हणाली, "तिप्पव्वा, काल पाणी आलं नाही. मी तिथे होते. एक थेंबही आला नाही. रोग कुठला ते अजून आम्हाला माहीत नाही. आज घरी नेलीत, तर थोड्या दिवसांत ती स्वतःचं लेकरू ओळखणार नाही. हे मी भीती घालायला सांगत नाही."

तिप्पव्वाने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. खरंखोटं तोंडावर लिहिलेलं असतं आणि आपल्याला ते वाचता येतं, असं मानणाऱ्यांतली ती. शेवटी म्हणाली, "एकदा. फक्त एकदा. रिक्षा मी दारात उभी करते. आज पाणी आलं नाही, तर त्याच रिक्षेत पोरगी घातली." आणि ती खरंच फाटकाकडे चालू लागली.

खोलीत सिस्टर डॉक्टरला म्हणाली, "आज बसवून करू या का? पूर्वी करायचे तसं."

"करू," डॉक्टर म्हणाला. त्याच्या आवाजातला गोडवा त्या दिवशी संपला होता.

सिस्टर आयाला म्हणाली, "जा, दोड्डव्वाला घेऊन ये."

मी कपाटावर ताठ झाले. इतक्या दिवसांनी माझ्या नावाची हाक. पण आया नवी होती. तिने वर बघितलंच नाही. रत्ना सारखी "दोड्डव्वा, दोड्डव्वा" करत होती, ते तिने ऐकलं होतं. ती सरळ बाहेर गेली. तिप्पव्वा रिक्षावाल्याला दटावून नुकतीच परतली होती. आया म्हणाली, "तूच ना दोड्डव्वा? आत बोलावलंय."

आणि तिप्पव्वा पदर खोचून आत आली.

"यांना आत कुणी घेतलं?" डॉक्टर म्हणाला. "नातेवाईक इथे येत नाहीत."

"मी कशाला येते? तुम्हीच बोलावलंत."

सिस्टरला सगळं कळलं. तिने तोंडावरची पट्टी वर ओढली, पण तिचे डोळे हसत होते. तिने कपाटाकडे बोट केलं. "मी त्या दोड्डव्वाला आणायला सांगितलं होतं."

तिप्पव्वाने वर बघितलं. "या गाठोड्याला माझं नाव कुणी दिलं?"

मित्रांनो, मीही नेमकं हेच विचारणार होते, फक्त तिच्याविषयी.

"आता आलीच आहे, तर राहू दे तिला," सिस्टर म्हणाली. "रत्ना तिचं ऐकेल." डॉक्टरने क्षणभर विचार केला आणि मान हलवली. या वेळी ती मान स्पष्ट होती. तिप्पव्वाच्या तोंडाला पट्टी बांधली. रत्नाला पलंगाच्या कडेला बसवलं, पाय खाली स्टुलावर ठेवले आणि कवटाळायला निळा स्पंज दिला. तिने मिठी मारली तर तो मध्येच दुमडला.

"हा पाव आहे की उशी?" तिप्पव्वा म्हणाली. "ती माझ्या नावाची द्या इकडे."

आयाने मला खाली ओढलं. माझ्यावरची धूळ बघून सिस्टरने जीभ चावली, मला बाहेर नेऊन बडवलं, पुसलं आणि धुतलेल्या चादरीत गुंडाळून आणलं. तिप्पव्वा खुर्ची ओढून रत्नासमोर बसली, मला मध्ये धरलं आणि रत्नाचे हात माझ्याभोवती घातले. एका बाजूने रत्नाचं काळीज लागत होतं, भलतंच जोरात. दुसऱ्या बाजूने तिप्पव्वाचं. तेही काही कमी जोरात नव्हतं. बाई बाहेरून दगड होती, पण मला छातीचं कळतं.

"रत्ना, पाठ वाकवा," डॉक्टर मागून म्हणाला. "मांजरासारखी. गोल."

रत्ना आणखी ताठ झाली.

"मांजर कुठलं काढतोस मध्येच?" तिप्पव्वा म्हणाली. मग रत्नाच्या कानाशी वाकून, रोजच्या कुरकुरीच्या आवाजात म्हणाली, "रत्ना, ऊठ. चूल पेटलीय. माणसं रानातून येतील. रोट्टी बडवायला घे."

आमच्याकडच्या बायका रोट्टी थापतात ते पाहिलं असेल तर तुम्हाला कळेल. पिठावर पूर्ण ओणवं होऊन, खांदे पुढे, हनुवटी छातीशी. रत्नाचे खांदे हळूच पुढे आले. पाठ कमानीसारखी वाकली. आणि तिचे हात माझ्या पाठीवर पडायला लागले. थप, थप, थप.

"असंच," तिप्पव्वा म्हणाली. "कडा पातळ कर. तुझी रोट्टी नेहमी मध्ये जाड राहते."

डॉक्टरने पाठ पुसली, जागा बधिर केली आणि चाचपून फट शोधली. सुई गेली. मी श्वासाची वाट बघत होते. श्वास आला नाही. सुई कुठेतरी कडक जागी थांबली. रत्ना दचकली, तिचे हात माझ्यावर थांबले.

आता तो शब्द येणार, हे मला ठाऊक होतं. बाहेर रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला.

"झा..." डॉक्टर म्हणाला.

तिप्पव्वाने पट्टीच्या वरून त्याच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं.

डॉक्टरने अर्धा शब्द गिळला. "नाही आलं," तो म्हणाला. "हाड लागलं. सुई थोडी मागे घेऊन जरा वरच्या दिशेने घालावी लागेल. घालू का, अव्वा?"

त्याच्या तोंडून ‘नाही आलं’ मी पहिल्यांदा ऐकलं. आणि कुणाला काही विचारलेलंही पहिल्यांदाच.

"मला काय विचारतोस," तिप्पव्वा म्हणाली. "पाठ तिची आहे."

तो वाकला. "रत्ना, आणखी एकदा थोडं दुखेल. करू?"

रत्ना माझ्यात तोंड खुपसून होती. तिचा आवाज माझ्या कापसातूनच बाहेर गेला. "लवकर. रोट्टी करपतेय."

हात पुन्हा पडायला लागले. थप, थप. डॉक्टरने सुई मागे घेतली आणि सावकाश पुढे नेली. मी एवढे महिने त्या माणसाच्या बोलण्याचा संशय घेतला आणि त्यातून त्याच्या हाताचाही घेतला. पण हात हलका होता. रत्नाला तो जाणवलाही नसेल इतका हलका. आणि मग तो श्वास आला. लांब, खोल, माझ्या शिवणीतून आत गेलेला.

थेंब नळीत पडला. मग दुसरा.

डॉक्टरने नळी उजेडाकडे धरली. निरोगी माणसाचं हे पाणी विहिरीच्या पाण्याहून नितळ असतं. हे तसं नव्हतं. पेजेवर येणाऱ्या निवळीसारखं, किंचित पिवळट. त्याने ती नळी तिप्पव्वाच्या डोळ्यांसमोर नेली. "हे आलं, अव्वा. हे एवढंच हवं होतं. आता हे तपासायला जाईल."

"एवढंसं?" तिप्पव्वा म्हणाली. "मला वाटलं तांब्याभर काढता." पण नळ्या घेऊन आया निघाली तशी तीही तिच्यामागून निघाली. तपासणीच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली आणि आतल्या माणसाने नळ्यांवर रत्नाचं नाव चिकटवेपर्यंत हलली नाही. परत येताना फाटकावर रिक्षावाल्याच्या हातात दोन रोट्ट्या आणि शेंगाचटणी ठेवली आणि म्हणाली, "जा तू. आज काम नाही."

ते पाणी थोडा वेळ तसंच ठेवलं, तर त्यात कोळ्याच्या जाळ्यासारखा धागा धरला म्हणे. मेंदूवरच्या आवरणाला क्षयाची सूज होती. औषधं सुरू झाली. मी सांगते तितकं ते झटपट नव्हतं. पहिले काही दिवस तिप्पव्वा प्रत्येक गोळीकडे अशी बघायची, जणू ती गोळीच पोरीला पळवून नेणार आहे. मग ताप उतरला. मग रत्ना वेळेवर जेवायला मागू लागली. एके दिवशी बसू बाळाला घेऊन दवाखान्याच्या अंगणात उभा राहिला, रत्नाने खिडकीतून बघितलं आणि लेकराला नावाने हाक मारली. तिप्पव्वा तेव्हा या खोलीत होती. तिने पटकन पाठ फिरवली आणि मला हातात घेतलं.

रत्नाच्या थापांनी माझी एका बाजूची शिवण उसवली होती. तिप्पव्वाने पिशवीतून दाभण काढला आणि मला शिवायला बसली. टाके मोठे, वेडेवाकडे, पण पक्के. शिवताना पुटपुटत होती, "नाव माझं घेतेस आणि पोट फाडून बसतेस." तिच्या जागी असते, तर मीही हेच बोलले असते.

आता मी कपाटावर नाही. पलंगाच्या पायथ्याशी, हाताला लागेल अशी ठेवली आहे. निळा स्पंजही आहे, ज्यांना कुशीवर झोपवतात त्यांच्यासाठी. माझी त्याच्यावर नजर असते. मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी जुनी वस्तू कपाटावर पडली असेल. काढून पुसा. ती काय काय धरून बसली आहे, ते तुम्हाला ठाऊक नाही. आणि तुमच्या हातून एखादं काम जमलं नाही, तर नाही जमलं म्हणा. झालं या शब्दाखाली काहीही झाकता येतं, आणि झाकलेलं कुजतं.

परवा शिकणारे डॉक्टर आले होते. त्यांच्यातली एक मुलगी म्हणाली, "सर, आपल्याकडे दहातले किती जमतात?" माझे कान तिकडेच. पट्टणशेट्टी डॉक्टर म्हणाला, "पहिल्याच टोचणीत म्हणतेस, की शेवटी कसंतरी? नितळ म्हणतेस, की रक्त मिसळलेलंही चालेल? आधी ते ठरव, मग मी आकडा सांगतो. आकडा पूर्वीपेक्षा कमी येईल." मुलं लिहून घेऊ लागली. मला बरं वाटलं. तरी मी अजून त्याच्यावर लक्ष ठेवून आहे. जिभेची सवय एका सुईने जात नाही.

ती गेली नाही, हे रत्ना घरी निघाली त्या दिवशी कळलंच. रत्ना भिंतीला धरून, पण आपल्या पायांनी चालत होती. बसूच्या हातात पिशव्या होत्या. डॉक्टर खोलीच्या दारात आला आणि हसून म्हणाला, "झालं, अव्वा. आता घरी."

तिप्पव्वा थांबली. "हे कुठलं झालं?"

डॉक्टर गडबडला. "म्हणजे, इथलं झालं. औषधं अजून पुष्कळ महिने घ्यायची आहेत. एकही चुकवायची नाही. दर महिन्याला दाखवायला यायचं."

"मग नाही झालं अजून."

"नाही झालं," तो म्हणाला.

मला तोंड नाही, मित्रांनो. कापसाला कसलं तोंड? पण एवढे महिने माझ्या पोटात जे साठलं होतं, ते त्या दिवशी तिच्या तोंडून बाहेर पडलं, आणि तिने माझं नाव वापरलं याचा राग मी तिथेच सोडला. तिने गाठोडं खांद्यावर टाकलं, डॉक्टरच्या अगदी समोर उभी राहिली आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाली,

"तम्मा, हात तुझा चांगला आहे, तो मी बघितला. जीभ अजून शिकाऊ आहे. पाणी आलं नाही म्हणून मी रिक्षा बोलावली नव्हती. आलं नसताना झालं म्हणालास, म्हणून बोलावली होती."